चोणकासाठी रबरी मासे: चार पाकिटं, एक सीझन, आणि हुकाबद्दल थोडं जास्त

सप्टेंबरमध्ये पाऊस जरा उतरला तेव्हा चोणक म्हणजे जिताडा गळाने धरायला सॉफ्ट प्लॅस्टिकची, म्हणजे रबरी माशांची, चार पाकिटं घेतली होती, तीन चांगली आणि एक स्वस्तातलं, आणि मे संपेपर्यंत त्यातलं काय उरलं, काय फाटलं, कशाला मासा लागला आणि कशाला नुसते केंड (ते फुगणारे, दातवाले मासे) चावत बसले, हे सगळं आता सांगण्यासारखं झालंय म्हणून लिहितोय. आपल्याकडे गोव्यात गरवणारे बहुतेक जण जिवंत सुंगट (कोळंबी) लावतात नाहीतर शेवट्या माशाचं पिल्लू, आणि ल्युअरवाले म्हणजे खोटं आमिष लावणारे जे आहेत ते लाकडी-प्लॅस्टिकचे हार्ड ल्युअर वापरतात, रबरी मासा हातात घेतला की म्हणतात हे काय दोन दिवस टिकणार. टिकतं. नीट लावलं तर टिकतं, आणि नीट लावणं हाच सगळा विषय आहे.

सुरवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांचं काम होईल: रंगांवर पैसे घालवू नका. दोन रंग पुरतात. पैसे घाला ते हुकावर आणि तीन वेगवेगळ्या वजनांच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेला हूक). मी पहिली दोन वर्षं बरोब्बर उलटं केलं, बॉक्समध्ये अकरा रंग आणि जिगहेड एकाच वजनाचं, आणि मासा लागत नव्हता.

आता बासचं काय ते बघू, कारण इंटरनेटवर सॉफ्ट प्लॅस्टिकबद्दल जे काही दिसतं ते नव्वद टक्के बाससाठीच असतं. तो लार्जमाउथ बास म्हणजे अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, तळ्यात, धरणात, वेलींच्या आणि बुडालेल्या झाडांच्या आडोशाला बसून असतो. आपल्या चोणकालाही इंग्रजीत सी बास म्हणतात, शॅकवरच्या मेन्यूतही तेच छापलेलं असतं, आणि ऑस्ट्रेलियावाले त्यालाच बारामुंडी म्हणतात, मुंबई-रायगडकडचे जिताडा. पण दोघांचं कूळ वेगळं. सवयी मात्र इतक्या सारख्या की थक्क व्हायला होतं. दोघंही आडोशाला दबा धरून थांबणारे, दोघंही पाठलाग करण्यापेक्षा समोरून जाणारं भक्ष्य गिळणारे, आणि दोघंही तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात, चावून धरत नाहीत. म्हणून बाससाठी निघालेली सगळी पद्धत इथे चालते, फक्त एक गोष्ट सोडून, ती म्हणजे ताकद. बासचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा आहे, म्हणजे साधारण दहा किलो, 1932 मध्ये जॉर्जियात झालेला, आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. म्हणजे तिकडे दहा किलो हा शंभर वर्षांत एकदा मिळणारा मासा. चोणकाचं तसं नाही, तो दहा किलोच्या पुढेही आरामात जातो आणि मांडवीत असा कधी ना कधी कोणाला तरी लागतोच. हा फरक मी विसरलो होतो, त्याची किंमत पुढे सांगतो.

रबरी किडा पहिल्यांदा बनवला तो निक क्रेम नावाच्या माणसाने, अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रनला, 1949 मध्ये, आणि तेव्हापासून मूळ माल तोच आहे: पीव्हीसीची पावडर आणि ती मऊ करणारं तेल, गरम करून साच्यात ओततात. त्याला प्लॅस्टिसॉल म्हणतात. त्यात मीठ मिसळलं की जड होतो, लवकर बुडतो आणि मऊही लागतो, पण मीठ जितकं जास्त तितका तो लवकर तुटतो. दुसरा प्रकार अलीकडचा, तो पीव्हीसीचा नसून वेगळ्या इलॅस्टिक रबराचा असतो, झी-मॅनवाले त्याला एलाझटेक म्हणतात. तो ताणला तर चार-पाच पट लांब होतो आणि सोडला की परत जागेवर. आणि मुख्य म्हणजे तो पाण्यात तरंगतो. हे दोन प्रकार डोक्यात पक्के असले तर दुकानात अर्धं काम सोपं होतं.

आता पाकिटं.

पहिलं होतं प्लॅस्टिसॉलचं पॅडलटेल, चार इंची, अंगावर आडव्या रेघा असलेलं, शेपटीला चपटी चकती. पाच-सहा नग असतात, मला साडेपाचशेच्या आसपास पडलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण या जातीचे बरेच येतात आणि सगळ्यांचा स्वभाव सारखाच. हातात घेतला की समजतं, इतका मऊ की दोन बोटांत धरून नुसता हलवला तरी शेपटी फडफडते. हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. सुकतीला (ओहोटीला) पाणी संथ चालू असताना रील जवळजवळ फिरवायचंच नाही, नुसती लाईन ताणलेली ठेवायची, तरी शेपटी चालू राहते. चोणकाला इतकं सावकाश चालणारं काहीतरी लागतं, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी थंड असतं तेव्हा. या पाकिटाला मला सीझनमध्ये सगळ्यात जास्त टक मिळाली, टक म्हणजे मासा आमिषाला लागल्याचा झटका. टिकण्याचं म्हणाल तर एक मासा, एक ल्युअर असाच हिशोब. चोणकाने उडी मारून डोकं झटकलं की तो जिगहेडवरून खाली सरकतो आणि नाकापाशी उभा चिरतो. आणि केंड. नदीत जिथे केंडांचा थवा असेल तिथे हे पाकीट उघडूच नका, चार फेकीत शेपट्या गायब, अर्धगोल कापलेल्या, जणू कोणी नेलकटरने कापल्यात.

दुसरं झी-मॅनचं डिझेल मिनोझ, चार इंची. हे त्या ताणल्या जाणाऱ्या मालाचं. याच्याबद्दल मला मनापासून चांगलं सांगायचंय. ऑक्टोबरमध्ये लावलेला पहिला नग फेब्रुवारीपर्यंत चालला, एकच नग, त्यावर तीन चोणक, दोन तामसे आणि एक छोटा गोबरो, आणि केंड तर किती चावले त्याची मोजदाद नाही. नुसते दातांचे ठिपके दिसतात. पोटाला आणि पाठीला खाच दिलेली असते, म्हणजे वीडलेस हूक (कुठे अडकू नये म्हणून टोक रबरात दडवतात तो) आत लपवायला जागा आधीच तयार. तो तरंगत असल्यामुळे तळाला पोचल्यावर जिगहेड खाली आणि शेपटी वर अशी उभी राहते, आणि दगडांत डोकं घालून खाणारा मासा कसा दिसतो अगदी तसं दिसतं. गोबरो तिथेच लागला. एवढं लक्षात ठेवायचं की तरंगणारा माल असल्यामुळे जिगहेड एक नंबर वरचं घ्यावं लागतं, दुसऱ्या रबराला सात ग्रॅम पुरत असेल तर याला दहा. आणि ओवताना हूक आधी पाण्यात बुडवून घ्यायचा, रबर धातूला धरून ठेवतं म्हणून कोरडा हूक सरळ जात नाही.

तिसरं सुंगटाच्या आकाराचं, साडेतीन इंची. हे कुठल्याही कंपनीचं घ्या, पण पाय लांब आणि बारीक असलेलं घ्या, जाड पायांचं खेळण्यासारखं दिसतं आणि पडताना काही हालत नाही. हे ओढायचं नसतंच. फेकायचं, तळाला जाऊ द्यायचं, रॉडचं टोक हातभर वर, आणि मग परत पडू द्यायचं, लाईन किंचित सैल. टक जवळजवळ नेहमी पडतानाच येते आणि ती हाताला कळत नाही, लाईन पाण्यात शिरते तिथे बघत राहावं लागतं, ती जराशी बाजूला सरकली किंवा पडायच्या आधीच थांबली की हात मारायचा. पालूला याच्याइतकं दुसरं काही चालत नाही असं माझं मत. पुलांच्या खांबांपाशी, जुन्या फेरी धक्क्यांच्या दगडांत, जिथे कालवं चिकटलेली असतात तिथे. अर्थात तिथेच सगळ्यात जास्त अडकतंही, मी या सीझनमध्ये नऊ जिगहेड घालवले त्यातले सात या सुंगटासकट.

चौथं स्वस्तातलं, पन्नास नगांची पिशवी, ऑनलाईन मागवली. शेपटी जाड, माल कडक, आणि निम्म्या नगांची शिवण म्हणजे साच्याची रेघ मधोमध नव्हतीच. पोहतात पण जोरात ओढले तरच. मुडदुशीसाठी छोटे नग कामाला आले, आणि भाच्याला फेकायला शिकवलं तेही यावरच. चोणकासाठी नको.

आता लावायचं कसं. इथे मी जरा वेळ घेणार.

साधं जिगहेड. आधी ते रबरी माशाच्या अंगाला लावून धरायचं, शिशाचं डोकं माशाच्या नाकाला टेकेल असं, आणि हुकाचा बाक जिथे येतो तिथे पाठीवर नखाने खूण करायची. ही खूण न करता अंदाजाने लावणारे खूप आहेत, मी पण होतो, आणि दहात सहा वेळा हूक जिथे बाहेर यायला हवा त्याच्या दोन मिलीमीटर आधी किंवा नंतर येतो. दोन मिलीमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण आधी आला तर मासा गोळा होऊन कुबड येतं आणि नंतर आला तर ताणला जातो, दोन्हीत शेपटीचा ताल बिघडतो. खूण झाली की टोक नाकाच्या बरोब्बर मध्ये टोचायचं, आणि पुढचं महत्त्वाचं: हूक माशात ढकलायचा नाही, मासा हुकावर चढवायचा. लेंग्यात नाडी ओवताना आपण कापड पिनेवर गोळा करत पुढे सरकवतो ना, तसं. दुसऱ्या हाताने पाठीवरची साच्याची रेघ डोळ्यांसमोर ठेवायची, टोक त्या रेघेतूनच बाहेर आलं पाहिजे, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बाहेर आलं की उरलेला भाग मानेपर्यंत वर. मानेला काटा किंवा स्क्रू असतो तो नाकात पूर्ण गेला पाहिजे. प्लॅस्टिसॉल असेल तर तिथे फेविक्विकचा एक थेंब, आणि मग पंधरा-वीस सेकंद हात न लावता.

आणि मग तपासायचं. लगेच लांब फेकायचं नाही, पायाशी पाण्यात रॉडच्या टोकाने दोन हात ओढून बघायचं. शेपटी मारते, अंग किंचित डोलतं, म्हणजे झालं. गोल फिरत असेल, एका अंगावर झुकत असेल तर काढून परत लावायचं, मग मासे समोर उड्या का मारत असेनात. फिरणारं ल्युअर चोणक घेत नाही आणि वरून ब्रेडला (विणलेल्या लाईनला) पीळ बसतो तो वेगळाच.

हळदोण्याकडे खाजनाच्या (नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर एकदा संध्याकाळी हेच झालं. मानस म्हणजे बांधातलं दार उघडलेलं, आतलं पाणी नदीत येत होतं, आणि त्या फेसाच्या कडेला चोणक शेवट्यांवर मारत होते, तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, मोठा नारळ पाण्यात पडल्यासारखा. घाईत लावलं, पाहिलं नाही, आणि चाळीस मिनिटं फेकत राहिलो, काही नाही. मानशीवर जाळं लावून बसलेले मामा ते बघत होते, ते म्हणाले, "आरे पुता, तुजें नुस्तें वांकडें पेंवता मरे." त्यांनी आयुष्यात ल्युअर वापरलं नसेल, पण त्यांना दिसलं. ओढून बघितलं तर खरंच तिरकं. हूक पाठीच्या रेघेच्या डावीकडून आला होता, जेमतेम तांदळाच्या दाण्याइतका. परत लावलं. तोवर पाणी बरंच उतरलं होतं तरी एक लागला, दीड किलोचा असेल. त्यांना दिला, त्यांनी चुडतात ओवून सायकलला लटकवला.

(मानशीपाशी गरवायचं तर विचारून जा, ही विनंती. हे दार भरतीला आपोआप बंद होतं, सुकतीला उघडतं, आणि तिथल्या मासळीचा हक्क लिलावात कोणीतरी पैसे भरून घेतलेला असतो. विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. आणि चोडणच्या पश्चिम टोकाला पक्षी अभयारण्य आहे, तिथल्या खारफुटीत फेकू नका.)

वीडलेस. खारफुटीच्या मुळांत, बुडालेल्या फांद्यांत उघडा हूक चालत नाही, तिथे बासवाल्यांची टेक्सास पद्धत लागते आणि ती खरोखर सुंदर पद्धत आहे. यात डोक्याशी झेडसारखा बाक असलेला रुंद गाळ्याचा, म्हणजे टोक आणि दांडा यांत जास्त अंतर असलेला, हूक लागतो. टोक नाकात सरळ अर्धा सेंटीमीटर घालायचं आणि हनुवटीतून बाहेर काढायचं. मग हूक पूर्ण ओढून घ्यायचा, डोळा नाकात लपेपर्यंत, आणि अर्धा वळसा देऊन हूक पोटाकडे आणायचा. आता मासा मोकळा लोंबू द्यायचा, हुकाचा बाक पोटावर कुठे टेकतो ते बघायचं, बरोब्बर तिथून टोक वर पाठीतून काढायचं. अंग सरळ राहिलं पाहिजे, जरा जरी ताणलं किंवा फुगलं तर परत. शेवटी पाठीतून आलेलं टोक परत कातडीच्या एका पापुद्र्याखाली खुपसायचं. बोट पाठीवरून फिरवलं तर टोचता कामा नये, पण दाबलं तर लगेच टोचलं पाहिजे, इतकंच. बासवाले पुढे लाईनमध्ये गोळीच्या आकाराचं सुटं शिसं ओवतात, मला इथे ते आवडलं नाही, प्रवाहात शिसं एकीकडे आणि मासा एकीकडे जातो. हुकाच्या दांड्यालाच पोटाशी शिसं असलेले हूक येतात ते घ्या, पाच-सहा ग्रॅमचे, मासा आडवा, पोटावर पडतो, आणि मुळांच्या अगदी आत हळूहळू उतरतो.

पॅडलटेलला वीडलेस लावताना अंग चपटं असेल असा नग निवडा. जाड पोट हुकाचा गाळा भरून टाकतं, मग हात मारला तरी टोक बाहेर यायला जागाच नसते, मासा येतो आणि जातो. जाडच वापरायचा असेल तर ब्लेडने पोटाला एक सरळ चीर द्या.

आता हूक. इथे माझा मोठा मासा गेला. जानेवारीत रात्री, पुलाच्या दिव्याच्या सावलीत, उजेड आणि काळोख जिथे मिळतात त्या रेघेवर फेकत होतो. हूक होता बाससाठी मिळणारा बारीक तारेचा, कारण तेव्हा दुकानात तोच होता आणि टोक इतकं धारदार की मला तोच चांगला वाटला. टक नव्हतीच, नुसतं जड झालं. मग ड्रॅग (रीलचा ब्रेक) सुटला तो थांबेना, खांबाकडे निघाला, मी ड्रॅग आवळला, दोन पावलं मागे आलो, रॉड पार मुठीपासून वाकलेला, आणि एकदम सैल. लाईन तुटली असं वाटलं. ओढून घेतलं तर ल्युअर जागेवर, रबर जागेवर, आणि हूक सेफ्टी पिन उघडावी तसा सरळ झालेला. तो हूक अजून ठेवलाय. मासा पाहिलाच नाही. हुकाचा काही दोष नाही, तो तळ्यातल्या माशासाठी, लिलींमधून हळूच ओढून काढायला बनवलेला, मी त्याला खांबाशी कुस्ती करायला लावली.

तेव्हापासून चार इंची रबराला 4/0 मापाचा हूक, पाच इंचीला 5/0, आणि तार जाडच, पाकिटावर टूएक्स किंवा थ्रीएक्स लिहिलेलं असतं ते बघून. ओनर, गामाकात्सु, डिकॉय, यातलं काय मिळेल ते, दीडशे-दोनशे जास्त गेले तरी. जिगहेडमध्ये बहुतेक जण शिशाच्या डोक्याचा आकार बघतात, डोळे रंगवलेत का बघतात. पलटून हूक बघा आधी. जाड तारेला हात जोरात मारावा लागतो आणि रॉडही तसा लागतो, हे खरं. मी मीडियम हेवी, सात फुटी वापरतो, ब्रेड तीस पौंडी, पुढे लीडर (हुकाजवळचा जाड दोऱ्याचा तुकडा) चाळीस पौंडी फ्लुरोकार्बन, साधारण दोन हात. लीडर कमी नको, चोणकाच्या गालफडाची कड पात्यासारखी असते आणि तोंड आतून सँडपेपर. मोठा तामसो तर मुळांत शिरतोच, तिथे पन्नास पौंडी.

वजनाचं गणित सोपं आहे पण कोणी करत नाही. सात, दहा आणि चौदा ग्रॅम, तिन्ही बरोबर ठेवायची. सुरवात हलक्याने. तळाला टेकलेलं लाईनवर कळलं की बस, त्याहून जड लावायचं नाही. कारण मघाशी सांगितलं तसं चोणक ओढून घेतो, पाण्याबरोबर, आणि हलकं ल्युअर पाण्याबरोबर आत जातं, जड ल्युअर तिथेच राहतं. बऱ्याच जणांचा "मासा मारतो पण लागत नाही" हा जो त्रास असतो, त्यातला अर्धा मला वाटतं शिशाचा आहे. उधाणाच्या सुकतीला कुंभारजुव्याच्या कालव्यात सात ग्रॅम तळाला जाणारच नाही, तिथे चौदाच लागतं. दोन दिवसांनी तीच जागा, पाणी थांबत आलेलं, तिथे चौदा लावलं तर ते धोंड्यासारखं पडतं. माझं जिगहेड एका संध्याकाळी तीनदा बदलतं आणि रबर एकदाही नाही.

रंग. पाणी गढूळ असतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा काळपट-सोनेरी किंवा सरळ काळा. काळा ऐकून लोक हसतात, पण खालून वर बघणाऱ्या माशाला आकाशापुढे काळी आकृतीच सगळ्यात ठळक दिसते, रात्री तर जास्तच. नोव्हेंबरनंतर पाणी निवळलं की मोतिया पांढरा. झालं. गुलाबी, निळा-जांभळा, चकाकीवाला हे सगळं माझ्याकडे पडून आहे, कोणाला हवं असेल तर घेऊन जा.

ठेवायचं कसं हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि मी वाचलं नव्हतं. ताणला जाणारा माल आणि प्लॅस्टिसॉल एका डब्यात ठेवायचे नसतात, एकमेकांना लागले की विरघळतात. मी ठेवले. एप्रिलमध्ये, गाडीच्या डिकीत, पणजीत दिवसभर उन्हात. संध्याकाळी डबा उघडला तर तळाशी चिकट लगदा, त्यात दोन डोळे आणि एक शेपटी ओळखू येत होती, आणि डब्याचं प्लॅस्टिकही आतून मऊ पडलेलं. सातशे-आठशे रुपयांचा माल गेला. आता प्रत्येक आपापल्या मूळ पाकिटात, पाकिटं कापडी पिशवीत, आणि पिशवी घरात, गाडीत नाही. सपाट ठेवायची, शेपटी दुमडलेली राहिली तर तशीच राहते. तशी झालीच तर प्लॅस्टिसॉलला गरम पाण्यात बुडवायचं आणि सरळ करून थंड पाण्यात टाकायचं, परत येते.

फाटलेलं प्लॅस्टिसॉल जोडताही येतं. जुनी सुरी गॅसवर तापवायची, चिरेच्या दोन्ही कडा एकदम लावायच्या, वितळल्या की सुरी काढून दाबून धरायचं. खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो. माझ्या पहिल्या पाकिटातले दोन नग असे परत उभे राहिले. आणि जे अगदीच गेले ते खिशात घाला, घरी आणा. नदीत टाकलेलं रबर मासा गिळतो आणि ते पोटात फुगून तसंच राहतं. बांधावर तुकडे पडलेले दिसतात आजकाल, वाईट वाटतं, कारण ते टाकणारे आपणच, जाळंवाले नव्हेत.

मोठ्या चोणकाबद्दल एक. तो जन्मभर एकाच लिंगाचा नसतो, आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मीटरभर लांबीचे जे असतात त्या जवळजवळ सगळ्या अंडी घालणाऱ्या. मी दोन-अडीच किलोचा घरी आणतो, घरात सगळ्यांना आवडतो, रवा लावून तळलेला. त्याहून मोठा सोडतो, पोटाखाली हात धरून, नुसता जबड्याला लटकवून फोटो काढत नाही, वजनाने त्याचा मणका दुखावतो. वीडलेसचा आणि एकेरी हुकाचा हा पण फायदा आहे, हार्ड ल्युअरच्या सहा टोकांपेक्षा एक टोक काढायला दहा सेकंद लागतात.

दुकानाचं सांगायचं तर म्हापशाला मी जिथून घेतो तिथे भाई हूक पक्कडीत धरून वाकवून दाखवतात, आणि रबर घेताना पाकीट उघडून शेपटी दोन बोटांत हलवू देतात. असं करू देणारं दुकान तुमच्या जवळ असेल तर ऑनलाईनपेक्षा पन्नास रुपये जास्त देऊन तिथूनच घ्या. ऑनलाईन मी एकदा थ्रीएक्स जिगहेड मागवले आणि आले साधे, पाकिटावर चिकटपट्टी लावून थ्रीएक्स लिहिलेलं. परत घेतले नाहीत त्यांनी. ते आता मुडदुशीला वापरतो.

येत्या सीझनला पहिलं पाकीट दोन घेणार, दुसरं एक पुरेल, सुंगटं दोन, आणि जिगहेड दहा ग्रॅमचे डझनभर, 4/0, जाड तारेचे. पुलाखालची ती उजेड-काळोखाची रेघ नोव्हेंबरच्या अमावस्येला परत बघायची आहे. या वेळी पाच इंची काळा लावणार, 5/0 वर.